लोणारच्या गाळात चार बोटं खाली बहात्तरचा दुष्काळ

लोणारला मी आधी दोनदा जाऊन आलेय, एकदा कॉलेजच्या ट्रिपमध्ये आणि एकदा लग्नानंतर, पण दोन्ही वेळा वरूनच, काठावर उभं राहून फोटो काढले आणि परत. यावेळी खाली उतरायचं, पाण्यापर्यंत जायचं आणि काठावरचा चिखल हातात घेऊन बघायचा असं पक्कं ठरवलं होतं. मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते, आणि गेल्या काही वर्षांत या तळ्याच्या गाळावर जे काम झालंय ते वाचल्यापासून मला तिथला खड्डा, उल्का, गुलाबी पाणी या सगळ्यापेक्षा तो गाळच जास्त खुणावत होता.

प्रवासाचं फार काही सांगण्यासारखं नाही. पुण्याहून रात्रीची गाडी पकडून सकाळी संभाजीनगर, मग जालना, वाटेत सिंदखेड राजाला थांबून जिजाऊंच्या जन्मस्थानाचं दर्शन, आणि दुपारपर्यंत मेहकर. मेहकरला माझी मावशी असते. मावशीच्या यजमानांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, आयुष्यभर शेती केलेला माणूस. मी लोणारला खाली जाणार म्हटल्यावर म्हणाले, "मी येतो तुह्यासंगं, लई वर्सं झाली तिकडं गेल्याला." मावशीने पहाटे उठून भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून दिला, आणि उजाडता उजाडता आम्ही निघालो पण.

डिसेंबर होता, थंडी चांगलीच होती. काठावर पोचलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि ऊन यायला लागलं तसं ते हळूहळू वर सरकत गेलं आणि खालचं हिरवट पाणी दिसायला लागलं. वरून बघताना आकाराचा अंदाजच येत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर, आणि सगळीकडे काळा बेसाल्ट, आपला दख्खनचा कातळ. ही उल्केचीच धडक आहे हे १९७३ साली पक्कं झालं, कारण बोअर मारून काढलेल्या दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली आणि ती प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच तयार होते. वय किती यावर मात्र दोन वेगवेगळे आकडे आहेत, एका पद्धतीने ५२ हजार वर्षं आणि आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. मला स्वतःला दुसरा आकडा जास्त पटतो, पण आजचा विषय तो नाही.

आम्ही धारेच्या बाजूने उतरलो. धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी, लोक अंघोळ करत होते, एक आजी कळशी भरत होत्या. इथून पुढे पायऱ्या संपतात आणि झाडीतली पायवाट सुरू होते. साग, कडुनिंब, सीताफळ, आणि मधे मधे वेडी बाभूळ जी वनखात्याने बरीच काढलीय तरी आहेच. मोर ओरडत होते, माकडं डोक्यावरून उड्या मारत होती. अप्पा पुढे आणि मी मागे, आणि अप्पा प्रत्येक ओघळापाशी थांबून माती बोटांनी चोळून बघत होते, काही बोलत नव्हते.

खाली पोचलो आणि आधी वास आला. सडक्या अंड्यासारखा, पाण्याकडे जावं तसा वाढत जाणारा. कडेला खाराची पांढरी पापडी धरलेली, पायाखाली करकर मोडते, आणि ती मोडली की खाली काळाकुट्ट गाळ, लोण्यासारखा मऊ. मी काठी टोचली तर ती विनासायास वीतभर आत गेली आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर गाळाचे पट्टे दिसले, वर करडा, मग काळा, मग जरा हिरवट. पाण्यात हात घातला तर साबणासारखं बुळबुळीत लागतं कारण ते तेवढं अल्कधर्मी आहे, पीएच १० च्या आसपास.

आता हा गाळ इतका महत्त्वाचा का ते सांगते, कारण यासाठीच मी एवढ्या लांब आले होते. या तळ्यात पाणी येतं पण बाहेर जात नाही. धार, पावसाचे ओघळ, जमिनीतले झरे, सगळं आत येतं आणि जायला वाट एकच, वाफ होऊन वर. म्हणजे पाऊस चांगला झाला की पाणी वाढतं आणि खार पातळ होतो, पाऊस रुसला की पाणी आटतं आणि खार दाट होतो, इतका सरळ हिशोब. आणि तळाशी प्राणवायू जवळजवळ नाही त्यामुळे तिथे उकरणारे किडे नाहीत, गाळावर गाळ बसत जातो आणि तो ढवळला जात नाही. बाहेर पडणारी नदी नाही, धरण नाही. मध्य भारतात जिथे मान्सूनचा खरा जोर असतो नेमक्या तिथे असं जुनं बंदिस्त तळं मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

२००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी मिळून तळ्याच्या मधोमध नळी घालून साधारण १० मीटर लांबीचा गाळाचा कांडा बाहेर काढला. तो उभा कापला आणि त्याच्या थराथरातून साधारण ११ हजार वर्षांचा पाऊस वाचला. वय काढायला कार्बन-१४, म्हणजे गाळात अडकलेली पानं, लाकडाचे तुकडे यांच्यावरून. मग परागकण, कारण त्यांचं कवच इतकं चिवट असतं की हजारो वर्षं टिकतं आणि आजूबाजूला कुठली झाडं होती ते सांगतं. पानांवरचं मेण सुद्धा गाळात टिकून राहतं, त्यातल्या कार्बनवरून झाडझाडोरा जास्त होता की गवत ते कळतं. आणि ऑक्सिजन, पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडून जातो आणि जड मागे राहतो, तोच मग गाळातल्या चुन्यात अडकतो, म्हणजे जड ऑक्सिजन जास्त दिसला की समजायचं तेव्हा तळं आटत होतं.

यातनं निघालेलं चित्र असं की सुरुवातीची काही हजार वर्षं इथे भरपूर पाऊस होता, आतापेक्षा बराच जास्त, आणि नंतर हळूहळू कोरडं होत गेलं, झाडं कमी झाली आणि गवत वाढलं. पण मला यात सगळ्यात जास्त भिडले ते गेलुसाइटचे स्फटिक. सोडियम आणि कॅल्शियमचा हा खार पाणी फारच आटल्याशिवाय तयार होत नाही, आणि गाळाच्या कांड्यात तो दोनच पट्ट्यांत सापडला. एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. एकदोन वर्षांचा दुष्काळ नाही हा, शेकडो वर्षं पाऊस पुन्हा पुन्हा कमी पडत राहिला, पिढ्याच्या पिढ्या. पहिला पट्टा वाचून मला मेघालयातली मावम्लुह गुहा आठवली, तिथल्या चुन्याच्या स्तंभात साधारण ४२०० वर्षांपूर्वीचा असाच मोठा कोरडा काळ सापडला आणि त्यावरून २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडालाच मेघालयन हे नाव मिळालं. आणि दुसरा पट्टा म्हणजे वर गावातलं दैत्यसूदन मंदिर ज्यांनी उभारलं, ती कोरीव कामं ज्यांनी केली, त्यांच्या काळातलाच. ती माणसं कशी जगली असतील, कुठून धान्य आणलं असेल, हा विचार मंदिरात उभं राहिल्यावर आता सुचतोच.

संशोधकांनी या दोन्ही कोरड्या काळांचा संबंध पश्चिम प्रशांत महासागरातल्या उबदार पाण्याशी लावलाय. ते उबदार पाणी पूर्वेकडे सरकलं की आपला मान्सून कमजोर पडतो, म्हणजे आपण ज्याला एल निनो म्हणतो तसलाच प्रकार, पण शतकानुशतकं रेंगाळलेला. वर्गात एल निनो शिकवताना मी १९७२ चं उदाहरण देते, तेव्हाही मोठा एल निनो होता.

तर हे सगळं मी कमळजा देवीच्या देवळापाशी दगडावर बसून अप्पांना सांगत होते, भाकरी खाताना. बहात्तर म्हटल्यावर अप्पा थांबले. म्हणाले, मी दहा-अकरा वर्सांचा होतो, रस्त्याच्या कामावर आईसंगं खडी फोडायला जायचो, दिवसभर फोडली की संध्याकाळी सुकडी भेटायची आणि मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी थापली तर थापली जात नाही, तुकडेच पडतात. विहिरीला पाणी नव्हतं, गुरं बाजारात कवडीमोलाने गेली. "आमची तांबडी गाय गेली तवा आई जेवली नाही," एवढं म्हणून अप्पा तळ्याकडे बघत बसले. मीही गप्प राहिले.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मंग बहात्तरचा चिखल असल का इथं?"

असणार ना अप्पा, म्हटलं, आणि मी हिशोब केला. ११ हजार वर्षांत १० मीटर म्हणजे सरासरी वर्षाला मिलिमीटरभर सुद्धा नाही. बहात्तरपासूनची पन्नासेक वर्षं म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, वरचा गाळ ओला आणि फुगलेला असतो म्हणून थोडा जास्तच धरायचा. अप्पांनी चार बोटं आडवी धरून दाखवली, एवढा? हो, साधारण एवढा. आणि तो चौदाशे वर्षांचा कोरडा काळ? मी पायापासून वर मोजत गेले, सव्वा मीटर, म्हणजे अप्पांच्या कमरेच्याही वर. अप्पा उठून उभे राहिले आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते आठवत असेल सगळ्यांना, तेव्हाही हेच, पाणी कमी झालं आणि खार वाढला, आणि खारात जगणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं. लोकांनी चमत्कार म्हणून फोटो टाकले. मला तेव्हापासून वाटतं की तळं त्या एका उन्हाळ्यात आपल्याला तीच गोष्ट सांगत होतं जी गाळात खाली लिहिलेली आहे. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, चांगलं झालं. पण गावाचं सांडपाणी, प्लास्टिक, काठावरची वर्दळ हे थांबलं पाहिजे, पोटतिडकीने सांगते, कारण गाळ अजून रोज बसतोय. आपण जे टाकू तेही त्यात जाणार आणि नंतर कुणी नळी घातली तर आपल्या थरात पावसाचं अक्षर वाचता येणार नाही इतकी घाण व्हायला नको.

निघताना अप्पा पुन्हा पाण्याच्या कडेला गेले. चप्पल काढून खाराच्या पापडीवर बसले, काळ्या गाळात हाताची चार बोटं आडवी मुठीपर्यंत रुतवली आणि क्षणभर डोळे मिटले. मग धारेवर येऊन त्यांनी हात धुतला, पण बोटांना वास राहिलाच, घरी मावशीने चहा देताना विचारलं हे काय लावून आलात.

"आई होती तवाचं आहे ते," अप्पा म्हणाले, आणि चहा घेतला.