कापला गेलेला ‘कुठे’

22 मिनिटांचा लघुपट होता. आई आणि मुलगी, दोन्ही भूमिकांत कर्णबधिर अभिनेत्री. पैसे मित्रमंडळींकडून जमवलेले. मी संकलक. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, आठ-दहा जणांना दाखवून झाला होता आणि सगळ्यांना आवडला होता. त्या आठ-दहांतल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग दिग्दर्शिकेने पुण्यातल्या आमच्या एडिट रूममध्ये चार बधिर प्रेक्षक बोलावले. त्यांत मुलीची भूमिका करणारी अभिनेत्री होती आणि बधिरांच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर होते, स्वतःही जन्मापासून बधिर. सोबत दुभाषी ताई. सुरू करण्याआधी दिग्दर्शिका म्हणाली, “आज सबटायटल बंद ठेव.”

सहाव्या मिनिटाला मुलगी आईला विचारते, “आजोबांचं घड्याळ कुठे?” आईने ते विकलेलं असतं. तिचे डोळे भरून येतात. माझा सगळ्यात लाडका कट तिथेच होता.

सरांनी हात वर करून थांबवलं आणि खुणा केल्या. ताईंनी सांगितलं, “सर विचारतायत, घड्याळाचं काय? ती नुसतं ‘आजोबांचं घड्याळ’ म्हणाली. आई रडतेय कशाला?”

मला काही कळेना. “ती ‘कुठे’ म्हणालीय,” मी म्हणालो. ताईंनी ते खुणांनी सांगितलं, तेव्हा अभिनेत्री उठून स्क्रीनजवळ आली. तिने ‘कुठे’ची खूण करून दाखवली, मग माझ्याकडे बोट केलं आणि दोन बोटांची कात्री चालवली.

भारतीय साइन लँग्वेजमध्ये प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. मी ‘घड्याळ’वरून थेट आईच्या चेहऱ्यावर गेलो होतो. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा, ही आम्हा संकलकांच्या हातात भिनलेली सवय. एरवी ती चालते, कारण चित्र कापलं तरी आवाज मागे चालू राहतो. इथे चित्र कापलं की शब्दच गेला. मला ही भाषा येत नाही, मी संवादांचा कागद समोर ठेवून कापत होतो. खाली सबटायटलमध्ये ‘कुठे’ लिहिलेलं होतं, म्हणून ऐकू येणाऱ्या कुणालाच काही खटकलं नाही.

सिनेमा सगळ्यांना समजावा म्हणून कॅप्शन हवीतच. मार्च 2024 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी काढलेल्या सूचनांतही त्यांचा आग्रह आहे. पण आमच्या लघुपटात तर बधिर माणसं स्वतःच्या भाषेत बोलत होती आणि ती भाषा मी मध्येच तोडत होतो.

मग पहिल्या फ्रेमपासून पाहायला बसलो. चार तास गेले. एका प्रसंगात मी मुलीच्या डोळ्यांचा अगदी जवळचा शॉट घेतला होता, हात फ्रेमबाहेर. सर म्हणाले, “इथे तुम्ही तिचा आवाज बंद केलात.” दुसरीकडे नुसते हात होते, चेहरा नाही. भुवया वर गेल्या की तेच हात प्रश्न विचारतात, नाही तर तेच विधान होतं, हे मला त्या दिवशी कळलं. अशा 19 जागा निघाल्या.

युक्रेनचा 2014 सालचा ‘द ट्राइब’ मी पूर्वी पाहिला होता. सगळा सांकेतिक भाषेत, एकही सबटायटल नाही. लांबलचक शॉट, माणसं बहुतेक वेळ पूर्ण दिसणारी. तेव्हा मला ती दिग्दर्शकाची शैली वाटली होती. हातांना जागा आणि वेळ लागतो, हे तेव्हा सुचलंच नाही.

घड्याळाच्या प्रसंगासाठी कॅमेरामनने दोघींचा एकत्र मास्टर शॉट घेऊन ठेवला होता, हे नशीब. त्यात आईचा चेहरा लहान दिसतो, डोळ्यांतलं पाणी जेमतेम. मला तो क्लोजअप सोडवेना. तरी मास्टर लावला, मुलीचे हात खाली येईपर्यंत धरला. आणि मग दिसलं: ‘कुठे’साठी मुलीचा हात फिरू लागतो त्याच क्षणी आईची मान वळते. तिने उत्तर तिथेच दिलं होतं. माझ्या कटमध्ये ते कधी आलंच नव्हतं.

रात्री साडेनऊला तो प्रसंग पुन्हा लावला. सरांनी दोन्ही हात वर करून हलवले, बधिरांच्या टाळ्या. अभिनेत्रीने मात्र टाळ्या दिल्या नाहीत. तिने स्क्रीनवरच्या पुढच्या शॉटकडे बोट केलं. तिथे आईचा डावा हात दाराच्या चौकटीमागे जात होता.

मी टाइमलाइन पुढे सरकवली.