कोल्हापुरात बसून समुद्राचा इतिहास कशाला?

“सर, कोल्हापूरला ना बंदर ना किनारा, मग तुम्ही कायम समुद्राच्या शोधाचाच इतिहास का सांगता?” भूगोल शिकवत होतो तेव्हा मुले हे विचारत आणि आता निवृत्तीनंतर टाऊन हॉलच्या बागेत सकाळी भेटणारी मंडळी विचारतात. परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून हे लिहितो.

ज्या बागेत हा प्रश्न निघतो, तिथल्याच संग्रहालयात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात ती सापडली. त्या देवाच्या हातातला त्रिशूळ आता नाही, पण शरीराचा तोल इतका नेमका साधलेला आहे की त्याची उणीव भासत नाही. रोमन व्यापाराच्या ओघात ती इथवर आली. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे साधारण जुलैत निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत फिरत. या वाऱ्याचे वेळापत्रक खलाशांनी पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून बसवले होते, आणि माझ्या मते समुद्रविज्ञानाची सुरुवात तिथूनच धरायला हवी. ती एकदम १८७२ पासून सांगणे मला पटत नाही.

१८७२चे मोल मात्र मोठेच आहे. त्या वर्षी २१ डिसेंबरला ‘चॅलेंजर’ हे जहाज जगभरचे समुद्र शास्त्रीय पद्धतीने तपासण्यासाठी इंग्लंडहून निघाले आणि मे १८७६मध्ये परतले; आमच्या टाऊन हॉलचे बांधकामही नेमके याच चार वर्षांतले. इथे गवंडी दगड घडवत होते, तेव्हा तिकडे खलाशी वजन बांधलेला दोर समुद्रात सोडून खोली मोजत होते. एवढा लांब दोर सुटला की वजन तळाला टेकल्याचा झटका हाताला जाणवत नाही. म्हणून दर शंभर फॅदमची (एक फॅदम म्हणजे सहा फूट) खूण पाण्यात जायला किती वेळ लागला याची नोंद करीत, आणि तो वेळ एकाएकी वाढला की तळ लागला असे समजत. मी मुलांना रंकाळ्यावर नेऊन सुतळीला लोखंडी नट बांधून हेच करून दाखवीत असे. रंकाळ्यात नट टेकल्याचे बोटांना लगेच कळते, आणि तेवढ्यावरूनच खोल समुद्रातली अडचण मुलांच्या लक्षात येई. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम प्रशांत महासागरात त्या दोराने ४,४७५ फॅदम, म्हणजे ८ किलोमीटरहून अधिक खोली दाखवली.

पण हे जहाज केप टाऊनहून थेट दक्षिणेला वळले आणि बर्फाच्या कडेने मेलबर्नला गेले, त्यामुळे आपला अरबी समुद्र राहूनच गेला. याची मला आजही खंत वाटते. पुढे ‘चॅलेंजर’वरच काम केलेल्या जॉन मरे यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९३३-३४मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने तो तपासला. मग आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. कोल्हापूरहून तिथे सहज जाता येते.

हिंदी महासागराच्या उत्तरेला आशियाची भूमी आडवी पसरलेली आहे. ती उन्हाळ्यात तापते, वारा तिच्याकडे वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाहसुद्धा ऋतूनुसार दिशा बदलतो. त्या किनाऱ्यावरचे पाणी वाऱ्याने दूर लोटले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. तोच वारा वाटेत बाष्प गोळा करीत गगनबावड्याच्या डोंगराला येऊन अडतो. डोंगराच्या आपल्या अंगाला पडलेला पाऊस पुन्हा अरबी समुद्राला मिळत नाही. तो पंचगंगेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. जुलैत राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की सगळे कोल्हापूर फूट मोजत बसते, आणि मी अरबी समुद्रावरच्या वाऱ्याचा नकाशा उघडून बसलेला असतो.