आमची वाटचाल : ‘चालत नाही’ची वही

नागपूरच्या महाल भागातील आमच्या घराच्या मागच्या अंगणात दोन चुली, तीन मोठे गंज (पातेली) आणि सासूबाईंचा हात, एवढ्याच भांडवलावर आमचा व्यवसाय सुरू झाला. पहिली काही वर्षे आम्ही भाद्रपदातील महालक्ष्म्यांचाच स्वयंपाक करून देत असू. पुरणपोळी, कढी, वडे, सोळा भाज्या, आदल्या रात्री ज्वारीचे पीठ ताकात भिजवून केलेली आंबील आणि मुखवट्यांवर टांगायचा फुलोरा, हे सारे एका कुटुंबातील दोघी-तिघींना आवरत नाही, हे हेरूनच सासूबाईंनी पहिली ऑर्डर घेतली होती. पुरणात पळी उभी राहिली नाही, तर तो गंज पुन्हा चुलीवर चढत असे. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्यांना दोरा ओवायचे भोक तळण्यापूर्वीच पाडावे लागते, तळल्यावर पाडायला गेल्यास निम्म्या फुटतात, हे मी पहिल्याच वर्षी चांगली परातभर चुरा करून शिकले.

पुढे सामिष स्वयंपाकासाठी वेगळी जागा आणि वेगळी भांडी घेतली, तेव्हा इतर समाजांच्या सणांची कामेही येऊ लागली. नागपुरात ती येणारच. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली, तिच्या निमित्ताने पारशी कुटुंबे आली आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने बंगाली कुटुंबे आणली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी जरीपटका वसवला. ज्याने-त्याने आपली पंगत सोबत आणली. आम्हाला मात्र वाटत होते की, पदार्थ येत असला म्हणजे सण येतो.

हा गैरसमज एका पारशी ग्राहक बाईंनी दूर केला. ऑगस्टमधील नवरोजच्या, म्हणजे पारशी नववर्षाच्या, जेवणासाठी आम्ही मोठ्या उत्साहाने यादीत सर्वात वर धनसाक (डाळी आणि मटण एकत्र शिजवलेला पारशी पदार्थ) लिहून पाठवले होते. घरात कोणी गेल्यानंतर चौथ्या दिवशी दुखवटा संपताना धनसाक करण्याची रीत असल्यामुळे ते सणासुदीच्या पानात वाढत नाहीत, असे त्यांनी फोनवर अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रवो (रव्याची खीर), दह्याबरोबर गोड शेव आणि पुलाव असा बेत त्यांनीच मग लिहून दिला. त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर ‘चालत नाही’ असे लिहिले. आमच्याकडे पाककृतींची स्वतंत्र वही आजही नाही; त्या आचाऱ्यांच्या हातात असतात. कोणत्या दिवशी काय करायचे नाही, एवढेच आम्ही लिहून ठेवतो.

जैनांच्या पर्युषणात कांदा-बटाटाच नव्हे, तर कोणताही कंद नाही आणि जेवण सूर्यास्तापूर्वी पोहोचले पाहिजे. सिंधी कुटुंबांच्या थदडीला, म्हणजे थंड जेवणाच्या सणाला, चूल पेटवायची नसते, म्हणून कोकी (जाड तिखट पोळी) आणि लोला (जाड गोड पोळी) आदल्या दिवशीच द्यायचा. धंतोलीतील दुर्गापूजेच्या भोगाच्या खिचडीत मूगडाळ भाजूनच घालायची आणि कांदा-लसूण टाळायचा. मात्र नवमीला काही घरी कांदा-लसणाशिवाय शिजवलेले मटणही ‘निरामिष’ म्हणून मागतात. ते पहिल्यांदा ऐकल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले ती नजर मी विसरलेले नाही.

या वहीतील सर्वात उपयोगी पान रमजानचे ठरले. आमचे मुख्य आचारी मोमिनपुऱ्याचे असून इफ्तारच्या ऑर्डरी तेच पाहतात. रोजा असताना ते चव घेत नाहीत. सुरुवातीला त्यांच्या मागे चव पाहायला मी उभी राहत असे. परंतु एका दुपारी दोन गंज खारट निघाले, आणि चूक माझ्याच जिभेची होती. त्यानंतर त्यांनी प्रत्येक पदार्थासाठी किलोमागे किती ग्रॅम मीठ हे ठरवून, वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर तक्ता लावला. भाद्रपदात आमच्या लक्षात आले की, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचीही देवीला दाखवण्याआधी चव पाहता येत नाही, आणि इतकी वर्षे ते मीठ सासूबाईंच्या अंदाजावर चालले होते. आचाऱ्यांकडून सोळा भाज्यांचाही हिशेब करून घेतला. सासूबाईंनी तक्ता दोनदा वाचून पाहिला, पडवळाचे मीठ थोडे कमी करायला लावले आणि मग तो सोवळ्याच्या स्वयंपाकघरात लागला.

दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे काम सर्वस्वी वेगळे असते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ लाखो लोक येतात, अनेक मंडळे भोजनदान करतात आणि आम्ही दोन मंडळांना पुरी-भाजी पुरवतो. येथे निषेध रूढीचा नसून उन्हाचा आहे. ओले खोबरे घातलेली भाजी ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबते, म्हणून आमची भाजी कोरडी असते आणि सांबार, म्हणजे कोथिंबीरही, वाढण्याच्या वेळीच वरून भुरभुरतो. त्या दिवशी आम्ही नफा घेत नाही.

संक्रांतीच्या वड्या आणि नाताळचा केक यांत आम्हाला विशेष अडचण आली नाही. मात्र बिहारी कुटुंबांच्या छठ या सूर्यपूजेच्या सणाच्या पानावर एकच ओळ आहे : ऑर्डर घ्यायची नाही. अंबाझरी तलावावर अर्घ्य द्यायला जाणाऱ्या कुटुंबांत ठेकुआ (कणकेचा तळलेला गोड प्रसाद) घरीच, शुचिर्भूत होऊन करतात. तरीही दरवर्षी एखादा नवा मुलगा आम्हाला ‘वीस किलो जमेल का’ असे विचारतो. आम्ही त्याला आईला विचारून यायला सांगतो, आणि तो परत येत नाही.