कुणाला पटवायचं आणि किती

आज घरी आल्यापासून डोकं शांत नाहीये, जेवणही धड गेलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

संध्याकाळची पणजी-फोंडा बस, नेहमीसारखी खचाखच, बाहेर पाऊस, खिडक्या बंद, कंडक्टर "फाटीं वचात, फाटीं वचात" (मागे सरका) करत माणसं आत दाबतोय. माझ्या पुढच्या सीटवर दोन पोरं बसलेली, कॉलेजातली असावीत, एकाच्या नखांना काळं नेलपॉलिश आणि तो दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून मोबाईलवर काहीतरी बघत होता, दोघांत मिळून एकच इअरफोन. एवढंच. आता आपल्याकडे दोन पुरुष खांद्यावर हात टाकून, बोटात बोट अडकवून गावभर फिरतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर कितीतरी दिसतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही, त्यामुळे खांद्यावरचं डोकं हे कारण नव्हतंच, कारण ते नेलपॉलिश. बाजूला उभा असलेला एक पन्नाशीचा माणूस आधी नुसता बघत होता, मग अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "लज ना तुमकां?" (लाज नाही का तुम्हाला) मग "टुरिस्टांनी हाडलां हें सगळें, आमच्या गोंयांत हें चलचें ना" (टुरिस्टांनी आणलं हे सगळं, आमच्या गोव्यात चालणार नाही). मागून कोणीतरी हसलं. कंडक्टरने 'बायल्या' हा शब्द घातला, त्यावर अजून दोघं हसले. पोरांनी इअरफोन काढले, सरळ बसली, एकमेकांपासून जमेल तेवढी लांब सरकली, दोनच माणसांच्या सीटवर लांब म्हणजे किती सरकणार.

मी म्हटलं काका, तिकीट काढलंय त्यांनी, बसू द्या. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तूंय तसलोच काय कितें?" मी हो म्हटलं, मी समलिंगी आहे.

हे मी बसमध्ये असं मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. ऑफिसात माहीत आहे, घरी माहीत आहे, पण अनोळखी माणसांच्या मधे दांड्याला लटकून नाही. छाती धडधडत होती. आणि पुढच्याच स्टॉपला, जुन्या गोव्याला, ती दोन्ही पोरं उतरली, तिथेच उतरायचं होतं की मधेच उतरली माहीत नाही, पावसात छत्री पण उघडली नाही, मागे वळून पाहिलं नाही. मला त्यांच्याशी एक शब्द बोलता आला नाही आणि आत्ता रात्री सगळ्यात जास्त तेच डोक्यात आहे, कारण त्यानंतर त्या माणसाशी माझं जे बोलणं झालं, बरंच झालं, ते त्यांच्यामुळे झालं आणि त्यांना त्यातलं काहीच मिळालं नाही. त्यांना मिळाला तो फक्त अपमान.

पोरं उतरल्यावर त्यांच्या रिकाम्या सीटवर आम्ही दोघं बसलो, तो आणि मी. आणि तो माणूस वेगळाच बोलायला लागला, आवाज खाली आला. लग्न झालं नाही म्हणजे? आईला माहीत आहे? डॉक्टरला दाखवलं? हे प्रश्न टोचणारेच आहेत, पण प्रश्न आहेत. मी सांगितलं की आईला माहीत आहे, आधी खूप रडली, आता माझ्या पार्टनरला माझ्याआधी वाढते. डॉक्टरचं सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी असणं आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढलं, आणि आपल्याकडे 2022 पासून कुठल्या डॉक्टरने हे 'बरं करून देतो' म्हणून उपचार केले तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार धरला जातो, नॅशनल मेडिकल कमिशननेच तसं कळवलंय. त्याला हे नवीन होतं. "म्हणजे औषद ना?" (औषधच नाही?) असं त्याने विचारलं आणि मला त्याच्या स्वरात चक्क काळजी ऐकू आली.

टुरिस्टांचा मुद्दा मात्र मी सोडला नाही कारण त्याचा मला खरंच राग येतो. गोव्यात नको असलेली प्रत्येक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांच्या माथी मारायची सवय झालीये. मी त्याला म्हटलं, काका, पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मखात्याची, कोर्टं ज्या ज्या गुन्ह्यांवर चालायची त्यात पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणं हाही गुन्हा होता, आणि गोव्यात ते इन्क्विझिशन 1560 ला आलं. कळंगुटला पहिला शॅक पडायच्या चारशे वर्षं आधी ज्या गोष्टीची इतकी धास्ती होती ती टुरिस्टांनी कशी आणली? बाहेरून आली ती शिक्षा. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 सुद्धा इंग्रजांनी 1860 मध्ये लिहिलं, गोव्यात तर ते इंग्रजांबरोबरही आलं नाही, 1961 नंतर गोवा मुक्त झाला आणि भारताचे कायदे लागू झाले तेव्हा आलं. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. त्यावर तो काही बोलला नाही, बाणस्तारीचा पूल आला तो बघत बसला.

मग मी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सचं नाव काढलं. कोलवाळचे, कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली, 2014 ला पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये गेले तेव्हा सगळा गोवा हळहळला, आणि त्यांनी त्यांच्या जोडीदाराबरोबर फ्रेंच कायद्याखाली 2002 सालीच रीतसर नातं नोंदवलं होतं, तेही इथे गोव्यात. तो माणूस म्हणाला हो हो माहीत आहे, पण "तो वेगळो". का वेगळा? कारण मोठा माणूस. हे मी फार ऐकलंय, नाव कमावलेल्याला माफ असतं, आणि बसच्या सीटवर बसलेल्या, अजून काहीच न कमावलेल्या पोराला माफ नसतं, आणि ते पोर ज्या वयात आहे त्या वयातच त्याला सगळ्यात जास्त गरज असते की कोणीतरी निदान गप्प बसावं.

फर्मागुडीला तो उतरला. उतरताना "आवयक सांबाळ" (आईला सांभाळ) म्हणाला. तो बदलला का, मला नाही वाटत, उद्या त्याच बसमध्ये अजून एक नेलपॉलिशवालं पोर दिसलं तर काय करेल सांगता येत नाही. पण मला एवढं दिसलं की बस ऐकत होती तोपर्यंत तो निकाल देत होता आणि सीटवर बसल्यावर तोच माणूस प्रश्न विचारत होता. चारचौघांत तो मागे हटूच शकत नव्हता, लोक हसले होते ना त्याच्या बाजूने.

ह्यावर मी पूर्वी बरंच वाचलं होतं ते आज आठवलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2008 मध्ये लोकांनीच मतदान करून समलिंगी लग्नं बंद केली, त्यानंतर लॉस एंजेलिसचे कार्यकर्ते विरोधात मत दिलेल्यांच्या दारात जाऊन बसले, भांडायला नाही, विचारायला, तुम्हाला असं का वाटतं, तुम्हाला कधी कोणी वेगळं पाडलं होतं का, आणि मग स्वतःची गोष्ट सांगायची. ह्याचा मोठा परिणाम होतो असा एक शोधनिबंध 2014 मध्ये 'सायन्स' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, खूप गाजला, आणि 2015 मध्ये मागे घ्यावा लागला कारण त्यातली आकडेवारीच विश्वास ठेवण्यासारखी नव्हती. ती गडबड ज्यांनी पकडली त्यातलेच दोघं, ब्रूकमन आणि काला, त्यांनी मग मायामीत खरा प्रयोग केला, 501 मतदार, ट्रान्स लोकांविषयी साधारण दहा मिनिटांचं बोलणं, आणि 2016 ला छापलं की परिणाम होतो आणि तीन महिन्यांनीही टिकलेला दिसतो. मला हे फार भरवशाचं वाटतं, कारण खोटं पकडणाऱ्या माणसांनाच शेवटी खरं सापडलं. सगळे बदलत नाहीत, काही थोडे सरकतात, पण सरकतात.

आणि दुसरी गोष्ट मद्रास हायकोर्टाची. मदुराईच्या दोन मुली घर सोडून चेन्नईला आल्या, आईबापांनी हरवल्याची तक्रार केली, पोलीस मागे, केस न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे. त्यांनी 2021 मध्ये काय केलं तर म्हणाले की मला हा विषय नीट समजलेला नाही, माझेही पूर्वग्रह आहेत, आणि निकाल देण्याआधी स्वतः समुपदेशकाकडे जाऊन बसले, समजून घेतलं, आणि ते सगळं आदेशात लिहिलं. जूनमधल्या त्या निकालात 'बरं करण्याच्या' उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, त्यातूनच पुढे मेडिकल कमिशनचं ते पत्र आलं. हायकोर्टाचा जज खुर्चीत बसून असं लिहितो हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडलो होतो. कारण तिथे समजून घेण्याचं काम त्यांनी केलं, त्या दोन मुलींच्या डोक्यावर टाकलं नाही.

असं उघड कबूल करणारा माणूस मी तरी माझ्या आसपास दुसरा पाहिला नाही. माझे मामा, मराठीचे शिक्षक म्हणून रिटायर झालेले, त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं वाद घातला. आपल्या संस्कृतीत नाही म्हणायचे. मी र. धों. कर्वे काढायचो, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मराठीतून सरळ उत्तरं दिली म्हणून खटले झाले, 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली आणि तरी ते हरले. मामा ऐकायचे आणि म्हणायचे की कर्वे वेगळे. (तिथेही 'वेगळे'!) वादाने एक इंच सुद्धा हलले नाहीत. मग डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी माझा पार्टनर त्यांना गाडीने नेत-आणत होता, थेंब घालत होता, पेपर वाचून दाखवत होता अग्रलेखासकट, आणि गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, मामांनी फोन करून मला विचारलं की त्याला खतखतं (आमची मिश्र भाज्यांची भाजी) आवडतं ना. बस. माफी नाही, 'मी चुकीचं बोलायचो' असं एक वाक्य नाही, आणि येणारही नाही. मी ते मागायचं सोडून दिलंय कारण मामांना त्यांचा मान राखून बदलायचं होतं आणि मला मामा हवे होते. पण कर्वेंचा वाद फुकट गेला असंही मला वाटत नाही, त्यांनी मला न सांगता ते सगळं वाचलं होतं, मामींनी नंतर सांगितलं.

आणि काही ठिकाणी तर पटवायची गरजच नसते. आम्ही दोघांचं जॉइंट अकाउंट काढायला एका बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरचा माणूस "नातं काय?" विचारून विचारून फॉर्म परत करत होता. शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने काढलेलं पत्र समोर ठेवलं, त्यात सरळ लिहिलंय की अशा जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. त्याचा चेहरा होता तसाच राहिला, आंबट, पण अकाउंट निघालं. मला त्याचं मन नको होतं, सही-शिक्का हवा होता. लग्नाचा हक्क सुप्रीम कोर्टाने 17 ऑक्टोबर 2023 ला नाकारलाच आहे, तेव्हा असे कागद गोळा करून करूनच जगायचंय आम्हाला सध्या, आणि एकेका क्लार्कचं हृदयपरिवर्तन होईपर्यंत थांबलो तर म्हातारे होऊ.

म्हणून माझं म्हणणं असं झालंय की जो विचारतो, कितीही वेडंवाकडं विचारतो, त्याच्याशी अंगात ताकद असेल त्या दिवशी बोलायचं. जो लोकांसमोर निकाल देतोय त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही, फक्त ज्याच्यावर देतोय त्याच्या बाजूला उभं राहायचं. आणि हे बोलायचं काम त्या नखांना काळं लावलेल्या पोराचं नाही, अजिबात नाही. आमच्यासारख्यांचं, ज्यांची नोकरी पक्की आहे, घर मागे आहे, आणि आमच्यापेक्षाही जास्त तुमचं, ज्यांना 'तूंय तसलोच?' विचारलं तरी रात्री झोप लागते. आज बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं होती, एकानेही तोंड उघडलं नाही, आणि ती सगळी वाईट माणसं होती असं मी मानत नाही.

आता चवथ तोंडावर आलीये, गावी जायचंय. वहिनीचा परवा फोन आला होता, तिचा मुलगा दहावीत आहे, चालतो-बोलतो कसा त्यावरून शाळेत त्याला त्याच कंडक्टरच्या शब्दाने हाक मारतात, वर्गशिक्षिकाही हसते, आणि हे सगळं सांगून वहिनी म्हणाली, "तू त्याला जरा समजाव ना, तुझं ऐकेल." मी तेव्हा बरं म्हटलं. पण त्याला काय समजवायचं? समजवायला हवं ते त्या शिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना, आणि त्यासाठी वहिनी आणि दादा दोघांनी शाळेत जायला हवं, मी बरोबर येईन, बँकेत नेले होते तसे कागद घेऊन येईन. पोराला फक्त एवढंच सांगणार की नखांना जो रंग हवा तो लाव. वहिनीला उद्या सकाळीच फोन करतो.