जॅक वर आला, गाडी जागेवरच

परवाची केस लिहून ठेवतोय. रात्री जेवताना बायकोला सांगायला गेलो तर तिला वाटलं मी गिऱ्हाईकाची तक्रार करतोय, आणि इथे तर सगळं उलटंच होतं.

बडोद्यात प्रतापनगरला आमचं गॅरेज आहे, बाबांनी टाकलेलं. पत्र्याचं आणि रंगाचं काम आमचं, इंजिन शेजारचे भाई बघतात. सकाळी साडेदहाच्या सुमाराला टोइंगवाल्याने दारात प्रीमियर पद्मिनी कार उतरवली, १९८४ची, एके काळी क्रीम रंगाची, आता कुठला रंग म्हणायचा ते बघणाऱ्याने ठरवावं. मागोमाग रिक्षातून कारेलीबागच्या काकू आणि त्यांचा मुलगा. काका जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून गाडी कंपाउंडात उभी, आणि ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा दोन दिवस पाण्यात. त्या आठवड्यात बडोद्यात जे होते त्यांना वेगळं सांगायला नको, वस्तीत मगरी फिरत होत्या तिथे गाडीकडे कोण बघतंय.

मुलगा पुण्याहून रजा टाकून आलेला. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं ते मोठं प्रदर्शन झालं ना, ते बघून आल्यापासून त्याच्या डोक्यात किडा, आपली पद्मिनी रिस्टोअर करायची. काकूंचं एकच, "मेली जागा अडवून बसलीय, भाडेकरूला पार्किंग द्यायचंय मला." एरवी माझ्याकडे हे भांडण उलट्या बाजूने येतं, म्हातारी माणसं सोडत नाहीत आणि पोरं भंगारवाल्याला फोन लावून मोकळी. त्यामुळे मला जरा मजाच वाटत होती.

त्याला आधी कागदांचं सांगितलं, कारण लोक रंगाचे फोटो घेऊन येतात आणि कागदांचं कुणी बघतच नाही. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, २०१९ला संपलेली, काका आजारी होते तेव्हा राहून गेलं. परत करायची तर आरटीओत गाडी दाखवून पास करून घ्यायची, त्यात २० वर्षांवरच्या कारची फी २०२५मध्ये १०,००० केलीय, उशिराचा दंड वेगळा. तो म्हणाला, "पण दादा, व्हिंटेजमध्ये नाही का बसणार?" म्हटलं, अरे व्हिंटेजला ५० वर्षं लागतात, २०३४पर्यंत थांब, आणि मिळालं तरी ती नंबर प्लेट लावून रोज भाजी आणायला नाही जाता येत.

मग गाडीकडे वळलो. आमच्याकडे दोन हत्यारं, लोहचुंबक आणि टोचा. चुंबक चिकटला तर खाली पत्रा, घसरला तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. उजवी बाजू बघत गेलो, चिकटतोय, चिकटतोय, मडगार्डच्या टोकाला थोडा घसरला, चालतंय. छप्पर चांगलं. डावीकडे आलो आणि दाराखालच्या पट्टीवर चुंबक चिकटला तर खरा पण टोचा लावला तर मुठीपर्यंत आत. गॅरेजच्या पोराला म्हटलं जॅक लाव. त्याने लावला, दोन-चार वेळा दांडा मारला आणि थांबला. जॅक वर आला होता, गाडी जागेवरच. पट्टी फोडून जॅकचं डोकं आत गेलेलं, पापडात बोट जावं तसं. पोरगा हळूच म्हणाला, "शेठ, आ तो गई." म्हणजे ही तर गेली.

मग जॅक थोडा पुढे, चांगल्या जागी घेतला, गाडी उचलली, आणि डावं मागचं दार उघडायला गेलो तर उघडेना, चौकटीत आवळून बसलं. जीपला खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते, बॉडी सडली तरी गाडी उभी राहते. पद्मिनीला तसं नाही, बॉडी हीच चेसिस, आणि दोन्ही बाजूंना दारांखालच्या त्या पोकळ पेट्या म्हणजे तिचा कणा. दार आवळलं म्हणजे गाडी मधून वाकतेय. मी हात पुसले आणि सरळ सांगितलं, बाबा रे, नको करू. अडीच-तीन लाख जातील आणि एवढं करून १०८९ सीसीची गाडी, घाटात ट्रक ओव्हरटेक करून जातील. काकू म्हणाल्या, "ऐकलंस?"

इथे खरं तर विषय संपला होता. भंगाराचे कागद कसे होतात, आरसी रद्द करून कशी घ्यायची, ते सांगायला सुरुवात पण केली होती. पण मुलगा म्हणाला मला नीट दाखवा किती सडलंय, मग मी ऐकतो. म्हणून डाव्या पट्टीवर ग्राइंडर लावला. वर रंग, खाली डांबर, डांबराखाली जोड मारलेला दुसरा पत्रा. कुणीतरी पत्र्यावर पत्रा ठोकलेला. म्हटलं, बघ, असली कामं करून ठेवतात लोक, आणि छिन्नी घालून तो तुकडा उपटला. आतून पाव बादली गाळ खाली पडला, काळा, ओला, दीड वर्षानंतर अजून ओला. तुकडा उलटा केला तर त्याची मागची बाजू निळी. चेतक स्कूटरच्या डिकीचा निळा रंग.

ती डिकी मी कापली होती. २००५च्या पुरानंतर, १९ वर्षांचा होतो, हातात गॅसचा टॉर्च नुकताच आलेला, आणि बाबा म्हणाले होते ती निळी डिकी पडलीय ना, तिचा पत्रा जाड आहे, तो घे. काका स्वतः गाडी घेऊन आलेले, गच्चीच्या पाण्याचा पाइप डावीकडे पडायचा म्हणून तिथे एवढंसं भोक पडलेलं. सडका पत्रा कापून न काढता मी वरूनच ठिगळ मारलं, वर डांबर फासलं, आणि पेटीच्या तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात तीही त्यात बुजवून टाकली. तेव्हा मला वाटलं होतं वा, काय फिनिशिंग आलंय. पाणी आत शिरत राहिलं, बाहेर यायला वाट नाही.

मी खाली बसून सरपटत उजवीकडे गेलो. तिकडची भोकं उघडी. बॅटरी मारून बघितलं, गाळ होता पण सुकलेला, बोटाने झडला, पत्रा शाबूत. त्याच गाडीने तोच पूर प्यायला होता. पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे खालचा आडवा दांडा, ठोकून बघितला, टण टण वाजला. मागे स्प्रिंगचे पाटे जिथे बसतात तिथे पण धोका नाही. म्हणजे गाडी सडलेली नव्हतीच, फक्त माझं ठिगळ होतं तेवढी डावी बाजू सडलेली. आणि उजवी चांगली असली की कार्डबोर्डवर तिचा फर्मा काढायचा, उलटा करायचा, २० गेजच्या पत्र्यात डावी बनवायची, ते काम मला येतं. फक्त कापायच्या आधी आतून टेकू आणि दारांच्या चौकटीत अँगल मारून घ्यायचे, नाहीतर गाडी केळ्यासारखी वाकते. पाच मिनिटांपूर्वी मी ठामपणे नको म्हटलं होतं, आता होईल म्हणायचं तर कारणही सांगायला लागणार.

चहा मागवला, आणि सांगितलं. तो तुकडा समोर ठेवून म्हटलं हे मी केलेलं. मुलगा गप्प. काकू चहा फुंकत म्हणाल्या, "माहितीय रे. तुझे बाबा तेव्हाच म्हणाले होते ह्यांना, पोराचं काम आहे, दोन-तीन वर्षं जाईल, नीट करायचं तर पत्रा कापायला लागेल. ह्यांना स्वस्तात हवं होतं. १८०० दिले होते." बाबांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला तर ते शाब्बास म्हणाले होते.

भाईंनी तोपर्यंत ऑइल काढून बघितलं, दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं, प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि म्हणाले चार दिवस मुरू दे, फिरलं तर फिरलं. सुट्या भागांची मला तेवढी काळजी नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या बंद झाल्या, त्यांचा माल फिरतोय अजून.

मग दोघांचं बाहेर ओट्यावर काय ते बोलणं झालं. आत येऊन काकूच म्हणाल्या, "पैसे ह्याचे, जागा माझी. गाडी तुझ्याकडेच राहील, माझ्या दारात परत आणायची नाही." मी एस्टिमेट लिहिलं. डावी पट्टी आणि फरशी ४८,०००, इंजिन उघडल्यावर कळेल, ब्रेक आणि वायरिंग, रंग शेवटी आणि तोसुद्धा पैसे उरले तर. ४८ हजारांत पत्रा आणि गॅसचे १५ होते, बाकी मजुरी, ती मी खोडली.

काकूंनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला. "हे काय खोडलंस? फुकटचं नको मला." मजुरी परत लिहायला लावली. मग सगळ्यात खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, वजा १८००.