बधिर हाताची आग

डावा हात अंगापासून जरा लांब धरूनच त्या मावशी खुर्चीत बसल्या. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेले, काखेतल्या गाठीही काढलेल्या, जखम छान भरलेली. "सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग ब्लाउजची बाही का सोसत नाही हो?"

ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आता स्वतःची जागा आहे. आमच्या पेन क्लिनिकमध्ये मात्र असे रुग्ण 'मनाचे खेळ' हा शिक्का घेऊनच पोहोचतात.

पीएचडीच्या काळात मी उंदरांच्या पंजाला छोटा छेद देऊन हेच दुखणं अभ्यासत असे. उंदीर जाळीवर उभा, खालून नायलॉनचा तंतू टेकवायचा. बारीक तंतूलाच पंजा उचलला, तर दुखतंय अशी नोंद. तसल्याच तंतूंनी मी मावशींचा दंड आतल्या बाजूने तपासला. जाड तंतूही त्यांना कळला नाही. उंदराच्या वहीत त्या ठणठणीत ठरल्या असत्या!

मग कापसाचा बोळा नुसता फिरवला. त्यांनी हात झटक्यात ओढून घेतला, डोळ्यांत पाणी. "पंख्याचा वारा लागला तरी अशीच आग होते."

काखेतून दंडाकडे जाणारी इंटरकोस्टोब्रेकियल नर्व्ह गाठी काढताना ताणली किंवा तुटली जाते. त्वचा बधिर होते, पण दुखावलेले तंतू उगाचच संदेश पाठवत राहतात आणि मज्जारज्जू त्यांचा आवाज वाढवतो. पंजा उचलणं ही प्रतिक्षिप्त क्रिया. तिच्यात ही आग दिसणार कशी? एनके-१ गटातली, म्हणजे वेदनेचा संदेश मज्जारज्जूत अडवू पाहणारी औषधं प्राण्यांत दुखणं थांबवत होती, माणसांत फसली. त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. शिवाय प्रयोगातले उंदीर बहुतेक तरुण नर, आणि समोर बसलेल्या पन्नाशीच्या बाई.

सोनोग्राफीत बघून त्या नर्व्हला ब्लॉक, म्हणजे ती तात्पुरती बधिर करणारं इंजेक्शन, दिलं. थोड्या वेळाने मावशींनी स्वतःहून हात वर नेऊन अंबाडा घट्ट केला. संध्याकाळी फोन आला, आग परतली होती. म्हणजे निदान पत्ता तरी बरोबर सापडला. रात्री घ्यायला कमी डोसची अमिट्रिप्टिलीन सुरू केली, नसांच्या दुखण्यावरही वापरतात ती गोळी.

आमच्या संशोधनाच्या पुढच्या मीटिंगला मी कापसाचा विषय काढला. उंदरांवर ब्रशची चाचणी करता येते, त्याबद्दल दुमत नव्हतं. पण छेद दिल्यावर किती आठवडे थांबायचं आणि तोवर प्राणी सांभाळायचा खर्च कोणत्या प्रोजेक्टवर टाकायचा, यावर आमची अजून जुंपलेली आहे.