सबवूफर सोफ्यावर आणि मी जमिनीवर

दिवाळीत टीव्हीसाठी ५.१ सिस्टिम (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) घेतली आणि पहिले दोन महिने मी तिला शिव्या घालत होतो. गाडी उडाली की काचा थरथरायच्या आणि हिरो काही बोलला की कुणालाच कळायचं नाही, म्हणून रिमोट हातात धरूनच पिक्चर बघायचा, बोलताना आवाज वाढव, मारामारी आली की कमी कर. बायको म्हणाली, जुना टीव्हीच बरा होता.

मग एका रविवारी ठरवलं, आज निकाल लावायचा. आधी सापडलं ते फारच लाजिरवाणं, टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम होतं, म्हणजे एआरसीमधून (टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीतून) रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याला, नुसता स्टिरिओ, दोनच स्पीकरपुरता आवाज जात होता आणि मी मागचे स्पीकर खराब समजून बसलेलो. बिटस्ट्रीम केलं, म्हणजे ५.१ आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे, आणि मागचे जिवंत झाले. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात पार आत ढकलला होता, तो पुढे कडेपर्यंत ओढला आणि खाली लेकीची दोन खोडरबरं सारून तोंड जरा वर केलं, सोफ्यावर बसल्यावर कानाकडे रोखलं जाईल असं. डायलॉगचा निम्मा प्रश्न त्या खोडरबरांनी सोडवला, खोटं नाही सांगत.

सबवूफर मात्र छळत होता. कोपऱ्यात ठेवला की घुमायचा, कारण ४० हर्ट्झची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते आणि आपला हॉल सोळा फुटांचा, मग ती भिंतींत आपटून कुठे साचते तर कुठे गायबच होते. यावर उपाय ऐकायला वेडगळ वाटेल, पण सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत जिथे बेस नीट, एकसारखा ऐकू येतो ती जागा शोधायची, तिथेच सब ठेवायचा. मी रांगतोय हे लेकीने शूट करून फॅमिली ग्रुपवर टाकलं, असो. जागा निघाली टीव्हीच्या डावीकडे, भिंतीच्या साधारण मधोमध. सोफाही भिंतीपासून दीड फूट पुढे घेतला.

मग माइकवालं कॅलिब्रेशन, म्हणजे रिसीव्हर माइकने आवाज मोजून स्पीकर जुळवतो ते. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, पंखा बंद, सगळे गप्प, आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी. परत पहिल्यापासून! रिसीव्हरने सगळं मोजलं पण सोफ्यापासून सबचं अंतर दाखवलं १७ फूट, प्रत्यक्षात ९. मी शहाणपणा करून ९ टाकलं आणि बेस एकदम लिबलिबीत झाला. नंतर कळलं की सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतरात धरतो, त्यामुळे तो आकडा बरोबरच होता. गुपचूप १७ केले. पुढच्या स्पीकरना मात्र त्याने लार्ज ठरवलं होतं, म्हणजे खोल बेसही त्यांनीच वाजवायचा, ते मी स्मॉल करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला, त्याखालचा बेस सबकडे, सेंटर दोन डीबी वाढवला.

रात्री आई सिरियल बघायला बसली. अर्ध्या तासाने म्हणते, "शब्द न् शब्द कळतोय रे, पण ते ढॅण ढॅण माझ्या मागून का वाजतंय?" रिसीव्हर साध्या स्टिरिओचाही सराउंड करत होता. आता रोज सात ते नऊ स्टिरिओ मोड.